एक हात जादा

"तोंड उघडा ताई. आणि सा म्हणा."

मी तोंड उघडलं आणि सा लावला. त्याच्याबरोबर माझ्या पुढच्या दोन दातांमधून एक बारीक शिट्टीही निघाली. कुकर पहिली शिट्टी द्यायच्या आधी नुसता सुसकारतो ना, तशी. दस्तगीरभाईंनी डोळे मिटून ती ऐकली आणि हातातली कानस कुडत्याला पुसली.

"आज ह्या घरात दोन माणसं येडी झाल्यात," जैतुनबी दारातून म्हणाली. ती त्यांची बायको. बाईमाणूस आत आहे म्हणून ती उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती, आणि लसणापेक्षा तिचं लक्ष आमच्याकडंच जास्त होतं.

शुक्रवार होता. जुम्म्यासाठी दुकान बंद असायचं, म्हणून मी मुद्दाम तोच दिवस धरला होता. मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची दुकानं एकाला एक लागून. एरवी गिऱ्हाईक, वाजवणारे, नुसते गप्पा ठोकायला आलेले, सगळ्यांची वर्दळ. तोंडात कानस घातलेली मी कुणाच्या नजरेला पडले असते, तर घरी पोचायच्या आत बातमी सासूबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसली असती.

माझं नाव सुमती श्रेणिक सौंदत्ते. नाव सांगायचं कारण म्हणजे त्यातला प्रत्येक शब्द माझा वैरी होता. आई म्हणायची, दातात फट असलेल्या पोरी नशीबवान असतात. नशिबाचं काय ते देव जाणे, फट मात्र चांगली होती. देवळात गायले, घरच्या बैठकीत गायले, कधी कुणी काही बोललं नाही. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. लग्न होऊन आठवडा झाला असेल नसेल, तर म्हणाले, "दिवसभर इंजिनाची शिट्टी ऐकतो, घरी आलो की तुझी." पण ती चेष्टा होती. मीही हसले होते.

रेडिओच्या माइकनं चेष्टा केली नाही. पहिल्यांदा आवाजाच्या परीक्षेला गेले तेव्हा काचेपलीकडच्या साहेबांनी मध्येच हात वर केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाई, आवाज छान आहे. पण तुमच्या गाण्यात कुणीतरी शिट्टी मारतंय." मी खुळ्यासारखं मागं वळून बघितलं. मग त्यांनी मला माझंच गाणं ऐकवलं. तो बारीक सुसकारा प्रत्येक सा ला, प्रत्येक श ला चिकटून येत होता. ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

नापास झाले. घरी सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या काही दुष्ट नव्हत्या. मी पहाटे रियाजाला बसले की सकाळचा सगळा रगाडा त्यांच्या गळ्यात पडायचा आणि त्यांचे गुडघे धरलेले.

"आणखी एकदा जा," त्या म्हणाल्या. "मी आडवी यायची न्हाई. पण ह्या खेपेला हात हलवत आलीस, तर तंबोरा दस्तगीरकडं पोचता करायचा. मग मात्र घरात लक्ष घालायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार! हे वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवून बसले होते.

दाताच्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, तार लावू, वर्षभरात फट मिटेल. मी म्हटलं, सोमवारी परीक्षा आहे. ते म्हणाले, मग परीक्षेला शुभेच्छा.

तिथून तडक निघाले ती दस्तगीरभाईंकडं. तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायची होती. तंबोऱ्याच्या तारा एका हाडाच्या पट्टीवर टेकलेल्या असतात, तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं असा घासायचा की तार त्याला धड चिकटू नये आणि धड सुटू नये. मग ती तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. ते जमलं की कारागीर म्हणतो, "जवारी लागली," आणि कानस खाली ठेवतो. दस्तगीरभाई तार छेडायचे, ऐकायचे, घासायचे, पुन्हा छेडायचे. बघणाऱ्याला वाटायचं, झालं की आता. तेव्हा ते म्हणायचे, "अजून एक हात." म्हणजे कानशीचा आणखी एक फेरा. त्या शेवटच्या हातावर त्यांचं नाव होतं. लांबलांबचे गवई त्याच्यासाठी मिरजेची वाट धरायचे.

त्या दिवशी जवारी राहिली बाजूला. मी त्यांच्यासमोर रडले. माझं रडूसुद्धा शिट्टी घालतच बाहेर पडत होतं.

"परत बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काय पण. तुमचं नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी वाकून माझ्या तोंडात बघितलं. भोपळ्याला चीर गेली का बघताना बघायचे, अगदी तसंच.

"हितनं हवा जातीय ताई. बारीकशी पाचर बसवली की बंद. आयुष्यभर हाडावरच तर काम केलंय. दात म्हंजे दुसरं काय, हाडच की!"

आज हे ऐकणारा कपाळावर हात मारेल. त्या क्षणी मला ते शंभर नंबरी शहाणपण वाटलं. त्या कारखान्यात हाडाचंच राज्य होतं. घोडी हाडाची, तारा अडकवायच्या पट्ट्या हाडाच्या, नक्षीत बसवलेली पानं-फुलं हाडाची. त्या माणसानं हाडात बसवलेला सांधा नखाला लागत नसे. मग माझ्या दोन दातांत लागेल कशाला?

तर असा तो शुक्रवार. पाचर करायला त्यांनी उंटाच्या हाडाचा तुकडा काढला आणि तसाच परत ठेवला.

"तुम्ही जैन. तोंडात हाड चालायचं न्हाई."

खरं सांगायचं तर माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ते डबे उचकत राहिले. मग एकदम थांबून त्यांनी खुंटीवरचा पांढरा कुडता घेतला आणि त्याचं शिंपल्याचं बटण दातानं तोडलं.

"अहो, ईदचा कुडता हाय त्यो!" जैतुनबी ओरडली.

"ईदला अजून टाइम हाय."

शिंपला तरी कुठं झाडाला लागतो म्हणा. पण तो विचार मी तिथंच थोपवला.

बटणाचा तुकडा घासून त्यांनी पाचर केली आणि फटीत दाबली. बसली. मी सा म्हटला, आणि पाचर टुणकन उडून जैतुनबीच्या लसणात पडली. ती हसली, मीही हसले. दस्तगीरभाई मात्र हसले नाहीत.

"खाच पाडल्याशिवाय धरायची न्हाई," ते म्हणाले. "दोन्ही दातांना आतनं जरा जरा घासतो. मग पाचर सरकवायची नि गोंद लावायचा. घासू?"

"घासा."

"थांबा," जैतुनबी उठून आत आली. "हाडं मेलेली असत्यात तुमची. बाईचा दात जित्ता हाय."

"तू गप गं."

"मी गपच हाय. बाईच वरडंल."

मी काही शूर नव्हते. हट्टी होते. सोमवारच्या पलीकडं मला काही दिसत नव्हतं. तंबोरा गेला, तर उरलेला जन्म मी सगळ्यांशी हसून बोलेन, भाकऱ्या थापेन आणि आतून वाळून जाईन, एवढं मला स्वच्छ कळत होतं. मी डोकं मागच्या भिंतीला टेकलं आणि तोंड उघडलं.

पहिल्या चार हातांना काही वाटलं नाही. नुसता डोक्यात करकर आवाज, आणि जिभेवर खडूसारखी पूड. प्रत्येक हातानंतर ते पाचर लावून बघायचे आणि म्हणायचे, "सा." मी सा म्हणायची. शिट्टी बारीक होत चालली. आता दस्तगीरभाईंचा चेहरा पालटला. घोडी घासायला बसल्यावर त्यांचा जो चेहरा व्हायचा, तो आला. समोर बाई आहे हे ते विसरले असावेत. आणि मीही विसरले होते, कारण मलाही तो सा ऐकू येत होता. असा निर्मळ सा माझ्या तोंडून जन्मात निघाला नव्हता.

"लागलं!" मी म्हटलं. "दस्तगीरभाई, लागलं!"

"लागलं," ते म्हणाले. "अजून एक हात."

हाडाचं बरं असतं. एखादा हात जास्त पडला, तर ती पट्टी टाकून दुसरी घेता येते.

तो हात पडला आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. कळ दातातून निघाली, नाकातून वर चढली आणि कानामागं जाऊन फुटली. मी किंचाळले. आढ्याला टांगलेले वाळके भोपळे त्या किंकाळीनं घुमले. कानस खाली पडली. दस्तगीरभाई भिंतीला चिकटून उभे होते, ओठ पांढरेफटक.

"या अल्ला! मुडदा बशिवला तुमच्या एका हाताचा!" जैतुनबीनं त्यांना बाजूला ढकललं आणि माझ्या दाताशी लवंग धरली. "थुंक बाई, थुंक. रगत न्हाई, घाबरू नगंस."

रक्त नव्हतंच. दात जागेवर होता. फक्त आतलं काहीतरी उघडं पडलं होतं, आणि हवा लागली की ते जीव खाऊन ठणकायचं. दस्तगीरभाईंनी गोंद लावून पाचर बसवली. मी हळूच सा म्हटला. शिट्टी नव्हती. ठणका होता.

"ताई, मी..." ते म्हणाले.

"शिट्टी गेली ना? मग झालं," मी पदर तोंडाला लावून म्हटलं आणि घरी आले.

घरी पाणी पिता येईना. बोलता येईना. सासूबाईंना सांगितलं, परीक्षेसाठी मौन धरलंय. त्यांना ते पटलं. आमच्यात मौनाला मोठा मान. ह्यांना मात्र फसवता आलं नाही. रविवारी सकाळी रियाजाला बसले आणि पहिल्याच तानेनंतर तंबोऱ्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागले, तेव्हा हे आत आले.

"काय केलंस?"

मी दाखवलं. त्यांनी बॅटरी आणून बघितलं.

"सुमती, तू माझ्यापाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही पेपर वाचत होतात."

ते खाली बसले. त्यांना लागलं ते, मला दिसलं. पण समजूत घालत बसायला मला वेळ नव्हता. माझी अडचण वेगळीच होती. मी तानेची बाई. भराभर ताना घ्यायच्या, मध्येच तोंडानं चटकन श्वास ओढायचा आणि पुन्हा सुटायचं, हीच माझी मिजास. आता तसा श्वास ओढला की गार हवा थेट त्या दातावर जायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. शिट्टी गेली आणि जाताना गाणं घेऊन गेली, असं मला वाटलं.

"नाकानं घे की श्वास," हे म्हणाले.

"तेवढा वेळ कुठं असतो तानेत?"

"मग वेळ घे. गाडी स्टेशनात थांबतेच की. थांबली म्हणून कुणी उतरून घरी जात नाही."

ते गाण्यातलं ओ की ठो जाणत नव्हते. पण मला दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी मी तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला शिकले. एक स्वर जितका लांबवता येईल तितका लांबवायचा, कारण तो सुटला की थांबावं लागणार. मग ओठ मिटायचे. थांबायचं. पुन्हा उघडायचे, सांभाळून.

सोमवारी हे रजा काढून बरोबर आले. स्टुडिओत मी एकटीच, समोर तोच माइक, काचेपलीकडं तेच साहेब आणि आणखी दोघं. लाल दिवा लागला.

"नाव सांगा."

"सुमती श्रेणिक सौंदत्ते."

साहेबांनी मान वर केली. शिट्टी नव्हती.

यमन मागितला त्यांनी. मी सा लावला आणि सोडवेना म्हणून धरून ठेवला. मग ओठ मिटले, नाकानं श्वास घेतला. तेवढ्या वेळात खोलीत फक्त तंबोरा चालू होता. मग निषाद. पुन्हा ओठ मिटले. एकही तान घेतली नाही, घेताच येत नव्हती. दातात ठिणगी उडायची, मी तिथंच स्वर आवरता घ्यायची, आणि जिथं आवरला तिथंच थांबून राहायची. आज नापास होणार, याची मला खात्री होती. पण मनात म्हटलं, तंबोरा जाणारच असेल तर त्याला निदान पोटभर ऐकून घेऊ.

गाणं संपत आलं आणि पाचर हलली. शेवटचा सा लावला, त्यात ती सुटून जिभेवर आली. मी गपकन तोंड मिटलं.

"आणखी काही ऐकवणार?" साहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"काही सांगायचंय?"

नाही.

ते बाहेर आले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बाई, काय तो ठहराव! गेल्या खेपेला तुम्ही इतक्या घाईत होतात. हे कुणाकडून घेतलंत?"

मी फक्त नमस्कार केला. ते त्यांना फारच विनयाचं वाटलं असावं. बाहेर येऊन मी तळहातावर थुंकले. बटणाचा तुकडा होता, एका कडेला दोऱ्याच्या भोकाची अर्धी गोलाई तशीच राहिलेली. ह्यांनी तो रुमालात बांधला.

पास झाले. सासूबाईंनी गोडाचं केलं आणि गुडघ्यांना तेल लावत म्हणाल्या, "आता पहाटेचं करायला एक बाई ठेवावी लागंल." ठेवली.

पुढं सगळं झालं. मैफली झाल्या, मान झाला. फट एका डॉक्टरांनी रीतसर बुजवून दिली, पण तो दात तसाच राहिला. हवा लागली की ठणकायचा. पेपरात लिहून येऊ लागलं की सुमतीबाईंचा ठहराव म्हणजे घराण्याचं संचित आहे, मिरजेच्या पाण्याचा गुण आहे, दीर्घ साधना आहे. माझ्या शिष्या दोन स्वरांमध्ये माझ्यासारखे ओठ मिटायला लागल्या. त्यांचे दात धडधाकट होते. मी कुणाला काही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

दस्तगीरभाईंकडं दर वर्षी जवारीला जायची. रेडिओवर मी गायले की अख्खी गल्ली ऐकायची, पण ते कधी गाण्याबद्दल चकार शब्द काढत नसत. एकच विचारायचे. "दात कसा हाय?"

"आहे," मी म्हणायची.

ते मान खाली घालायचे. जैतुनबीनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या दिवसापासून ते "अजून एक हात" म्हणत नाहीत. झालं वाटलं की कानस ठेवून देतात. गिऱ्हाईकं कुरकुरतात, जवारीत पूर्वीची मजा राहिली नाही म्हणतात. ते ऐकून घेतात. मला फार वाईट वाटलं. मी तंबोरा उचलला आणि घरी आले.

मग मागच्या हिवाळ्यात दात फारच छळायला लागला. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं सोसलंत कसं? नस काढून टाकू. पुन्हा कधी दुखणार नाही." मी खुर्चीत बसले. त्यांनी दिवा ओढला आणि म्हणाले, "तोंड उघडा."

मी उठले. "जरा विचारून येते," म्हटलं. डॉक्टरांना वाटलं, घरच्यांना विचारणार असेन.

दस्तगीरभाई कारखान्याच्या ओट्यावर शाल गुंडाळून बसले होते. हाताला कंप सुटलेला, कानस कधीच सुटलेली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"ताई. दात कसा हाय?"

"त्यासाठीच आले. डॉक्टर नस काढू म्हणतात. पण काम तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं हात लावू देऊ?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यो एक हात जादा पडला माझा ताई. झोप लागत न्हाई मला अजून. काढून टाका. सुटका करा तुमची."

"आधी ऐका," मी म्हटलं.

जैतुनबीनं आतून तंबोरा आणून दिला. मी सा लावला. गार वारा सुटला होता, दात ठणकला. मी स्वर होता तिथं आवरला आणि ओठ मिटले. नाकानं श्वास घेतला. गल्लीत कुणाचं तरी रंधा मारणं चालू होतं, ते थांबलं. मग पुन्हा सा, आणि तो जाईल तिथवर जाऊ दिला.

दस्तगीरभाईंनी डोळे मिटले होते. मी थांबले की मान किंचित हलायची त्यांची, स्वर आला की स्थिर व्हायची. असं मी त्यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"हे त्या हातानं झालं?" त्यांनी विचारलं.

"त्याच हातानं. त्याच्या आधी मी नुसती पळत होते."

जैतुनबी पदरानं नाक पुसत उभी होती.

"बोला," मी म्हटलं. "काढू नस?"

त्यांनी हात पुढं केला, तंबोऱ्याच्या घोडीवर ठेवला आणि वाजत्या तारा थांबवल्या.

"न्हाई," ते म्हणाले. "राहू द्या ताई. जवारी लागलीय."